साहेबले इचारनं शे

२१ एप्रिल २०२५, सोमवार

शाळेच्या मेलबॉक्सने आज अंग टाकले. दुपारपर्यंत तीन फोन आले. तुमच्या पत्त्यावर पाठवलेला मेल परत येतोय, पेटी भरली म्हणतोय. तिसऱ्याने तर शाळा बंद केली का, असेच विचारले. मी म्हटले, शाळा चालू आहे, यंत्र आडमुठे आहे.

आमचा लेखनिक कुंदन गेल्यापासून त्या कॉम्प्युटरला कोणी हात लावला नव्हता. मुख्याध्यापिका स्वतःच्या मोबाइलवरून मेल पाठवत होत्या, तेवढ्यावर अडीच महिने भागले. धूळ बसू नये म्हणून मी वर धुतलेले कापड टाकून ठेवले होते. आज ते काढले. कीबोर्डच्या खाचेत शेंगदाण्याचे एक साल अडकले होते. पेन्सिलीच्या टोकाने ते काढले, आणि कुठे टाकावे ते न सुचून खिशात ठेवले.

कॉम्प्युटर सुरू केला तर मधोमध चौकट आली, की जागा संपली, मेल काढून टाका. फुलीवर बोट मारले. ती गेली आणि पुन्हा आली. पाच वेळा तेच. शेवटी कापड परत टाकले.

२३ एप्रिल, बुधवार

पंडितभाऊ आमच्या संस्थेचे अध्यक्ष. त्यांनी मेलबॉक्स साफ करायला माणूस पाठवतो म्हटले, आणि पाठवली कोण, तर गौरी बोरसे. कुंदनची बायको. पर्वत पाटियाजवळच्या साडीच्या दुकानात ती बिलाच्या कॉम्प्युटरवर बसते. कुंदनच्या जागेसाठी तिने अर्ज केला आहे. नोकरीत असताना माणूस गेला तर जागा घरच्याला मिळावी, असा संस्थेचा रिवाज आहे, पण गेलेल्याची सेवा निष्कलंक हवी. कुंदनचा तर चूक केल्याचा कबुलीजबाब दप्तरी आहे. म्हणून संस्थेच्या समितीने कार्यालयप्रमुख या नात्याने माझा अहवाल मागवला आहे. ११ मेच्या बैठकीत द्यायचा. मी वस्तुस्थिती लिहीन, कमी नाही, जास्त नाही.

वस्तुस्थिती इथे एकदाच लिहून ठेवतो, म्हणजे डोक्यातून जाईल. नववीचा मराठी वर्ग सुरू करायचा प्रस्ताव ३१ जानेवारीच्या आत जिल्हा कार्यालयात मेलने पोचायला हवा होता. पोचला नाही. ५ फेब्रुवारीला तिथून कळले. मी कुंदनला स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर विचारले. तो म्हणाला, "साहेब, मी कागद ठेवला होता." असा कोणताही कागद माझ्याकडे आलेला नाही. माझ्या ट्रेमधला प्रत्येक कागद माझ्या डोळ्यांखालून जातो. एकोणतीस वर्षे जातो आहे. मी त्याला तिथेच कबुलीजबाब लिहायला लावला. त्याने लिहिला. साडेपाचला मोटारसायकलवरून निघाला आणि पर्वत पाटियाच्या चौकात टेम्पोने उडवला. हेल्मेट घातलेले नव्हते, हे पंचनाम्यात आहे.

२४ एप्रिल, गुरुवार

गौरीताई वेळेवर आल्या. मी त्यांना अहोजाहो करायचे ठरवले आहे. त्यांनी कापड काढून घडी घातली आणि खुर्ची जरा खाली करून घेतली. ती खुर्ची कुंदनच्या उंचीला बसवलेली होती.

एकेक मेल दोनदा का आहे, हे त्यांनी पहिल्यांदा विचारले. मी पद्धत समजावून सांगितली. शाळेतून जो मेल जाईल त्याची प्रत शाळेच्याच पत्त्यावर यायला हवी, म्हणजे गेल्याचा पुरावा राहतो. ती प्रत येताच आपोआप छापली जावी, अशी सोय माझ्या सांगण्यावरून कुंदनने बसवली होती. छापलेला कागद माझ्या ट्रेमध्ये. मी त्यावर 'पाहिले, मु. वा.' लिहून तारीख घालतो. मग फाइल. स्कॅन रंगीतच, कारण शिक्का निळा आहे हे दिसायला हवे. तोंडी कोणी काही सांगायचे नाही. सांगायचे असेल तर कागद ठेवायचा. आणि एकही मेल काढायचा नाही, मोठा असो की छोटा. जानेवारीत कुंदन गुपचूप मेल काढताना मला दिसला, तेव्हा मी तसा लेखी आदेशच काढला. शाळेचा पत्रव्यवहार शाळेच्याच खात्यातून, हेही त्यात घातले.

त्यांनी सगळे ऐकले. मग म्हणाल्या, "साहेब, पाहिले म्हणजे वाचलं, असंच ना?"

मी म्हटले, अर्थात.

२६ एप्रिल, शनिवार

मेलबॉक्समध्ये आज एक कप्पा सापडला. नाव अहिराणीत दिले आहे, 'साहेबले इचारनं शे'. म्हणजे साहेबांना विचारायचे आहे. शाळेच्या दप्तरात घरची बोली. जिवंत असता तर दोन शब्द सुनावले असते.

आत १,१४३ मेल. मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने लावलेले. प्रत्येक मेल दुसरीकडे आहेच, ही जास्तीची प्रत. गौरीताई म्हणाल्या की एवढा एक कप्पा रिकामा केला तर अर्धा मेलबॉक्स मोकळा होईल, त्यांना वेगळे काही करावेच लागणार नाही. सगळे काम करून ठेवले आहे, फक्त हो म्हणायचे राहिले आहे.

मी म्हटले, वाचल्याशिवाय हो म्हणणार नाही. सोमवारपासून एकेक मेल उघडून वाचणार.

किरकोळ कागदांची फाइल कपाटातून निघून माझ्या टेबलावर आली होती. धुरपदाबाई झाडताना काहीही कुठेही ठेवतात. परत कपाटात लावली.

२८ एप्रिल, सोमवार

किरकोळची फाइल पुन्हा टेबलावर. धुरपदाबाई शपथेवर सांगतात, की मी कपाटाला हातच लावत नाही. कपाटाची किल्ली आता खिशात ठेवणार होतो, पण ती कुलपातच तुटली आहे, गेली चार वर्षे.

३० एप्रिल, बुधवार

१,१४३ पैकी दोनशे दहा वाचून झाले. डोळे चुरचुरतात. बहुतेक दाखले, याद्या, हजेरीपत्रके. पण शेवटी कुंदनने प्रत्येकाला आपले एखादे वाक्य लिहिलेले असते. पुस्तकवाल्याला लिहितो, आपल्या गठ्ठ्यात दोन पुस्तके जास्त आली आहेत, परत कशी करू. एका आईला लिहितो, दाखला जोडला आहे, नावातला ऱ्हस्व मी दुरुस्त करून घेतला, आता फेऱ्या माराव्या लागणार नाहीत. ही सगळी वाक्ये छापून माझ्या ट्रेमध्ये आली असणार. त्यांवर माझी सही असणार. मला त्यातले एकही आठवत नाही. हजारो कागदांत कसे आठवणार.

आपल्याकडे नववी नाही म्हणून आज आठवीच्या सहा मुलींचे शाळा सोडल्याचे दाखले घरच्यांनी नेले. त्यातल्या दोघी पुढे शिकणार नाहीत, असे त्यांच्या आया सहज सांगून गेल्या.

रजनी म्हणते, तुम्हाला झालंय काय. दुधाची पिशवी वाचता, औषधाची बाटली दोनदा वाचता, लग्नाची पत्रिका तर मागून-पुढून. आणि रिक्षा गोडादऱ्याकडून का वळवता, वीस मिनिटे जास्त लागतात. मी म्हटले, त्या रस्त्याला सावली आहे. ती म्हणाली, सावली संध्याकाळी सहाला कशाला लागते. बायकोला उत्तर देत बसलो तर संसार व्हायचा नाही.

५ मे, सोमवार

आज सुट्टी लागली. शाळेत मी, गौरीताई आणि धुरपदाबाई, एवढेच. जिना उतरताना आपल्याच चपलेचा आवाज मागून आल्यासारखा वाटतो.

गौरीताईंनी विचारले की साहेब, दिवाळीच्या शुभेच्छांची चित्रे तरी काढू का. पंधरा वर्षांच्या पणत्या आणि रांगोळ्या होत्या. मी एक कागद लिहून घेतला, वाचला, आणि परवानगी दिली. त्यांनी ती चित्रे काढून टाकली. मी पाणी प्यायला उठलो.

माठापाशी पोचलो तोच प्रिंटर सुरू झाला.

त्याला कोणी हात लावलेला नव्हता. गौरीताईंचे दोन्ही हात मांडीवर होते. एक कागद आला, थोडा थांबून दुसरा आला. सात आले. वरचा उचलला. खाली लिहिले होते, 'आपला, कुंदन बोरसे, लेखनिक'. आजची तारीख, अकरा वाजून वीस मिनिटे.

माझ्या हातातला पेला धुरपदाबाईंनी घेतला. मला वाटते मी तो सांडला होता. गौरीताईंनी सातही कागद नीट जुळवले आणि माझ्या ट्रेमध्ये ठेवले. पद्धत तशीच आहे.

मी सही केली नाही. घरी आलो.

६ मे, मंगळवार

सकाळी जिल्हा कार्यालयातून फोन. तिथला गुजराती कारकून मला वीस वर्षे ओळखतो. "मुकुंदभाई, काले कुंदनभाईनो मेल आव्यो छे," एवढे म्हणाला आणि थांबला. अंत्ययात्रेला तो आला होता. मग हळूच म्हणाला की नववीचा प्रस्ताव आहे, सगळा व्यवस्थित आहे, पण आता मुदत गेली.

अर्ध्या तासाने उषाबाईंचा. आमच्या निवृत्त शिक्षिका, बहात्तर वर्षांच्या. त्यांना कुंदनचा मेल आला होता. सेवेचा दाखला जोडला आहे, बाई, आणि गुडघ्याला तेल लावत चला. त्या रडत नव्हत्या. मला म्हणाल्या, "अरे मुकुंद, मी त्याला उत्तर लिहू का रे?"

मला वाटले कोणीतरी पासवर्ड चोरला, मेलेल्या माणसाच्या नावाने खोड्या चालल्या आहेत. गौरीताईंनी शांतपणे समजावले. मेलबॉक्स भरत आला की आधी जाणारे मेल थांबतात, आउटबॉक्समध्ये अडकून बसतात; येणारे मात्र पेटी पूर्ण भरेपर्यंत येत राहतात. प्रस्ताव ३० जानेवारीचा, साठ पानांचा, रंगीत. तो अडला. मागचे सहा त्याच्यामागे अडले. काल जागा झाली, तसे सातही गेले, त्यांच्या प्रती आल्या, प्रिंटरने छापल्या.

म्हणजे कुंदनने वेळेत बटण दाबले होते. पण मेल गेलेला नाही हे त्याला दिसत असणार. दिसत होते तर मला सांगायला काय झाले होते. मी मोठ्याने म्हटले, एक कागद तरी ठेवायचा.

गौरीताई माझ्याकडे पाहत राहिल्या. मग त्या कॉम्प्युटरकडे वळल्या.

किरकोळची फाइल टेबलावर होती. आज ती मी कपाटात ठेवली नाही. तशीच राहू दिली.

९ मे, शुक्रवार

अहवाल लिहायचा होता. लिहिला नाही. डोके दुखते आहे.

१० मे, शनिवार

काल लिहिले ते खोटे आहे. डोके दुखत नव्हते.

अहवालाचा जुना नमुना शोधायला मी किरकोळची फाइल उघडली. सगळ्यात वर एक कागद होता. पडद्यावर येते तीच चौकट छापलेली, जागा संपली, मेल पाठवता येत नाहीत. त्याखाली पेन्सिलीने कुंदनचे अक्षर. 'साहेब, नववीचा प्रस्ताव अजून गेलेला नाही. आज शेवटचा दिवस आहे. जास्तीच्या प्रती एका कप्प्यात काढून ठेवल्या आहेत, त्या काढायची परवानगी द्यावी, किंवा माझ्या मोबाइलवरून पाठवायची.'

कोपऱ्यात निळ्या शाईत, पाहिले, मु. वा., ३१ जानेवारी.

अक्षर माझेच आहे. वा चा काना मी खाली ओढतो, तसा ओढलेला आहे. कोणी नक्कल केली असेल, असे कालचा पूर्ण दिवस मी स्वतःला सांगत होतो. कोण करणार, आणि कशाला.

मी त्या कागदावर सही केली आणि वाचला नाही. तो सही बघून परत गेला असेल. पाहिले म्हणजे काय करायचे, हे त्याला कळले नसेल. माझाच आदेश होता, मेल काढायचा नाही, दुसऱ्या खात्यातून पाठवायचा नाही, तोंडी बोलायचे नाही. तो गेल्यावर मुख्याध्यापिका अडीच महिने मोबाइलवरून मेल पाठवत होत्या, तेव्हा मी चकार शब्द काढला नाही. आणि पाच दिवसांनी सगळ्यांसमोर तो म्हणाला, कागद ठेवला होता, तर मी त्याला खोटारडा म्हटले. तो शब्द मी २३ तारखेच्या नोंदीत गाळला आहे. मी त्याला खोटारडा म्हटले.

११ मे, रविवार

समितीची बैठक झाली. कागद घडी घालून खिशात होता. शेंगदाण्याचे साल अजून त्याच खिशात आहे. पंडितभाऊंनी विचारले, काय साहेब, अहवाल? मी म्हटले, आठवडाभर मुदत द्या.

बोललो नाही. पुढच्या मार्चला निवृत्त होतो आहे. निरोपाच्या सभेत काय बोलतील याचा मी विचार करत होतो. हे लिहिताना लाज वाटते आहे.

१४ मे, बुधवार

गोडादऱ्याला पंडितभाऊंच्या घरी जाऊन कागद त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी चष्मा लावून वाचला, पुन्हा वाचला, आणि चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, "जाऊ द्या ना साहेब. माणूस गया. आते हाऊ कागद कोनले दखाडतस?"

आता हा कागद कोणाला दाखवता, हे त्यांचे म्हणणे वाईट नव्हते. गौरीला नोकरी देऊन टाकू, कबुलीजबाब फाडून टाकू, हा कागदही फाडू. एकोणतीस वर्षांच्या नोकरीला डाग कशाला. माझे मन क्षणभर त्याकडे धावले, हे कबूल करतो. मग मला स्टाफरूम दिसली. बावीस माणसे बसली होती, आणि कुंदन उभा राहून लिहीत होता, कारण मी त्याला खुर्ची दिली नव्हती.

मी म्हटले, कबुलीजबाब मी सगळ्यांसमोर घेतला, हा कागदही सगळ्यांसमोर वाचणार.

१६ मे, शुक्रवार

लिंबायतला गौरीताईंच्या घरी गेलो. तेराव्यालाही गेलो नव्हतो, आज पहिल्यांदा उंबरा ओलांडला. कुंदनची आई चहा करते म्हणाल्या. मला नको म्हणता येईना.

मी कागद पुढे केला. गौरीताईंनी तो हातातही घेतला नाही. म्हणाल्या, "तो मला पहिल्या दिवशीच सापडला साहेब. त्यांनी घरी सांगितलं होतं, कागद ठेवलाय म्हणून. रोज तुमच्या टेबलावर मीच ठेवत होते."

मग समितीला का दाखवला नाही, असे मी विचारले.

"मी दाखवला असता तर तो बायकोने नवऱ्यासाठी आणलेला कागद झाला असता. सही तुमची आहे. तुम्ही कधी वाचता, ते बघत होते."

एकतीस जानेवारीला कुंदन घरी आला तेव्हा काय म्हणाला, हे विचारल्यावाचून मला राहवेना. त्या म्हणाल्या, काही नाही, जेवले नाहीत. साहेबांनी पाहिलंय, आता ते बोलावतील, एवढंच म्हणाले. पाच दिवस वाट पाहत होते.

चहा गोड होता. तो मी पूर्ण प्यालो. दुसरे काही करता येण्यासारखे नव्हते.

१८ मे, रविवार

बैठकीला मी सगळ्या शिक्षकांना बोलावून घेतले होते. सुट्टीत गावी गेलेले सोडून चौदा आले. कागद उभा राहून वाचला. सही कोणाची तेही वाचले. कुंदन खोटे बोलत नव्हता, चूक माझी होती, आणि तो अपमान मनात घेऊन रस्त्यावर गेला, हे सांगितले. पुढचे वाक्य मी लिहून नेले होते, पण ते वाचता आले नाही.

मुख्याध्यापिका रडत होत्या. कबुलीजबाब गौरीताईंना परत दिला. नोकरी सर्वानुमते. माझ्याबद्दल काय करायचे ते समिती पुढे ठरवणार आहे.

नववी मात्र यंदा सुरू होणार नाही. त्या दोघी मुली घरीच बसतील. ते माझ्या माफीने बदलत नाही.

१९ मे, सोमवार

गौरीताईंचा नोकरीचा पहिला दिवस. मी पोचलो तेव्हा ट्रेमध्ये एकच कागद होता. तोच, ३१ जानेवारीचा. काल समितीसमोर वाचलेला, त्यांनी आणून परत ठेवला होता.

मी तो पुन्हा वाचला. कुंदनने माझ्याकडे परवानगी मागितली आहे, आणि त्या कागदावर अजून परवानगी नाही. पाहिले, एवढेच आहे.

मी त्याखाली लिहिले, 'परवानगी आहे. वेळेवर दिली नाही.' पूर्ण नाव, मुकुंद वाणी. आजची तारीख. कागद बाहेर जायच्या ट्रेमध्ये टाकला. गौरीताई उठून आल्या, त्यांनी तो उचलला आणि उभ्यानेच पूर्ण वाचला. मग खुर्चीवर जाऊन कप्पा उघडला. यंत्राने विचारले, कायमचे काढायचे का? त्यांनी माझ्याकडे मान वळवली.

"काढू का, साहेब?"

मी तोंडानेच म्हटले, "काढा."

आकडा खाली येत गेला. अकराशे, सातशे, ऐंशी, शून्य. त्यांनी विचारले, रिकामा कप्पा पण काढायचा का. मी म्हटले, तो राहू द्या, नाव तसेच राहू द्या.

संध्याकाळी रिक्षावाल्याला पर्वत पाटियावरून घ्यायला सांगितले. चौकात लाल दिवा होता. बराच वेळ थांबलो.